खांद्याइतक्या भिंती

काळजी करायची मला खोडच आहे. सुख दारात येऊन उभं राहिलं तरी ते किती दिवस मुक्काम करणार याची मी आधी चौकशी करीन, असं आमचे हे म्हणायचे. म्हणोत बापडे. पण त्या सालातली माझी काळजी उगाच नव्हती. माझे दिवस भरत आले होते, डोक्यावर स्वतःचं छत नव्हतं आणि जिनाचा भोंगा कधी वाजेल त्याचा नेम नव्हता.

भोंग्याला का भ्यायचे, ते सांगते. आम्ही मूळचे जानेफळकडचे. भावाभावांत वाटण्या होत होत आमच्या वाट्याला एवढीच जमीन आली की नांगराच्या तासाच्या टोकाला बैल वळवावेत तर ते दुसऱ्याच्या शेतात जायचे. म्हणून आम्ही तालुक्याच्या गावी आलो. तिथे कापसाचे जिन होते, सरकी काढायचे आणि गाठी बांधायचे कारखाने. दिवाळीनंतर भोंगा वाजला की उन्हाळ्यापर्यंत हाताला काम. आमच्यासारखीच आणखी वीस-बावीस घरं कुठून कुठून आलेली. नाल्यापलीकडे सरकारी नझुलची मोकळी जागा होती, तिथे सगळ्यांनी खोपटी घातली. भिंती कसल्या, तर पऱ्हाटीच्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या काटक्या उभ्या राहतात त्यांचा कूड, वर शेणमातीचा हात.

माझं पहिलं लेकरू त्याच खोपटात झालं. पौषाचे दिवस. शेणमाती वाळून भेगा पडलेल्या आणि त्यांतून वारा असा यायचा की चिमणी तेवत राहायची नाही. पाचवी पुजली आणि दोन दिवसांत मुलगा गेला. "सटवीनं लिहेल थे कोनाले चुकते?" सासूबाई म्हणाल्या. सटवीनं काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. वाऱ्यानं काय केलं ते मी पाहिलं होतं. तेव्हापासून मला एकच हवं होतं. मातीची भिंत. हातभर जाड, जिच्यातून वारा येणार नाही अशी.

वर्ष उलटून गेल्यावर, चैत्रात खोपटांना आग लागली. माणसं वाचली, बाकी सगळं गेलं. पऱ्हाटीच ती, चुलीत घालायची वस्तू आम्ही भिंतीत घातली होती. पावसाळाभर जिनवाल्यांनी रिकाम्या कापसाच्या शेडमध्ये राहू दिलं. गावच्या कमेटीनं ओवरसियरच्या तोंडून निरोप धाडला: नाल्यापलीकडे पऱ्हाटीचं खोपट पुन्हा दिसता कामा नये. मातीच्या भिंती आणि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, असं घर भोंगा वाजायच्या आत झालं तर राहा. नाही झालं तर ती जागा कापसाच्या गाड्यांचा तळ होईल. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, मोठे साहेब नागपुरात, त्यांच्या खालचे बुलढाण्यात. त्यांना कुठे आम्ही दिसणार? आमचं सरकार म्हणजे तो ओवरसियर. आणि भोंगा वाजला की शेडमध्ये कापूस येणार, म्हणजे तिथूनही आम्ही बाहेर.

दसरा झाल्यावर माती भिजवायला घेतली. एकट्यानं घर बांधणं कुणालाच शक्य नव्हतं, म्हणून सावड करायचं ठरलं. गावाकडे शेतीत करतात तशी. आज सगळे माझ्याकडे, उद्या सगळे तुझ्याकडे. पण पहिला कोण, यावरच गाडं अडलं. गावाकडची सावड सगळ्यांनी पाहिलेली. ज्याचं काम आधी उरकतं त्याला दुसऱ्या दिवशी हमखास ताप भरतो. एकमेकांच्या तापाची आठवण काढून लोक भांडायला लागले.

वस्तीत एक म्हातारे होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. उंच, आवाज मोठा, आणि आपलं ते खरं करायची सवय त्याहून मोठी. त्यांनी काठी आपटून सांगितलं, "कोनाचंच घर पह्यलं नाई. आज सगळ्याइचा पह्यला थर. थो वाळला का सगळ्याइचा दुसरा. कोनाची भित कोनाच्या भितीपेक्षा बोटभर वर दिसली तं मी सोता पाडीन."

लोकांना हे फार आवडलं. मातीच्या भिंतीचा थर हातभर उंच घालतात आणि तो वाळल्याशिवाय वर दुसरा चढवता येत नाही. म्हणजे एकाचा थर वाळेपर्यंत दुसऱ्याचा घालायचा, हे तसं बरोबरच होतं. त्यातून माती वाचावी म्हणून सगळी घरं एका रांगेत धरलेली, दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. सासूबाईंना तेवढं मात्र खपत नव्हतं. आमची शेजारीण पिंपळगाव राजाची, मोठ्या मनाची आणि मोठ्या तोंडाची बाई. तिच्या आमच्यामधली भिंत आमच्याकडे दोन बोटं सरकली आहे असं सासूबाईंचं रोजचं म्हणणं. त्या काडीनं मोजायच्या, शेजारीण हसायची, मग दोघी एकमेकींच्या माहेरावर जायच्या.

मी गाऱ्याची टोपली देता देता भिंतींकडे पाहायची. घोट्याइतक्या झाल्या. गुडघ्याइतक्या झाल्या. कमरेइतक्या झाल्या. सगळ्यांच्या सारख्या. लांबून पाहिलं तर फार सुंदर दिसायचं, आणि मला धडकी भरायची. कारण सगळ्यांच्या सारख्या म्हणजे घर एकाचंही नाही. भोंगा वाजेल त्या दिवशी सगळी वस्ती सारखीच उघडी पडणार होती. चौथीपर्यंत शिकलेली मी, एवढा हिशेब मला येत होता. तो बाकीच्यांना का येत नाही, या विचारानं मला रात्रंदिवस चैन नव्हती.

शेवटी एक दिवस मी आबांना तोंडावर बोलले. "आबा, तुमचा न्याव मोठा चांगला हाय. पन त्या न्यावापायी सगळेच उघड्यावर बसतीन."

"मंग काय करू? तुह्या घरावर छत घालू अन् बाकीच्याइच्या डोक्यावर अभाय?"

"कोनाच्या तरी घरावर घाला. माह्या नका घालू. पन एक तं घर होऊ द्या."

"एक झालं का बाकीचे होत नाईत, पोरी. मी जिंदगीभर पाह्यलं." ते वळले आणि माती तुडवणाऱ्यांवर ओरडायला निघून गेले. सासूबाईंनी मला सुनावलं, "म्हाताऱ्या मानसाले असं बोलते का कोनी? पोटातलं लेकरू आयकते सारं." ऐकू दे, मी मनात म्हटलं. त्यालाच तर राहायचंय.

भोंगा दरसाल तुळशीच्या लग्नानंतर वाजायचा. सगळ्यांचा हिशेब तोच होता. पण त्या साली शेवटचा पाऊस आलाच नाही, बोंडं लवकर फुटली आणि दिवाळी सरते न सरते तोच कापसाच्या पहिल्या गाड्या रस्त्याला दिसल्या. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी आणायला गेले आणि जिनाच्या चिमणीतून धूर निघताना पाहिला. बॉयलर तापवून पाहत होते. घागर तिथेच टाकून मी वस्तीकडे धावले. त्या अवस्थेत काय धावणार म्हणा, पण धावले.

भिंती पुरुषाच्या खांद्याइतक्या झाल्या होत्या. अजून दोन थर बाकी. थर वाळणार कधी आणि छत चढणार कधी? लोक नुसते धुराकडे बघत उभे राहिले. कुणी म्हणालं, ओवरसियरच्या पाया पडू. कुणी म्हणालं, आता सामान बांधू. आबा काठी आडवी टाकून मातीच्या ढिगावर बसले. ती काठी खाली पडलेली पाहून मला जास्तच भीती वाटली.

"आता याच भितीइवर छत घाला," मी म्हणाले.

कुणाला कळेना. मग कळलं तसे पुरुष हसले. एक जण म्हणाला, "बकऱ्याचा कोठा होईन बाई थो. मानूस आपल्या घरात ताठ उभा नाई राह्यला तं घर कायचं?" दुसरा म्हणाला, पागोटं काढून शिरावं लागेल. मला असा संताप आला की सासऱ्यांच्या वयाचे लोक समोर आहेत हेही मी विसरले.

"तुमाले घर उभं राहाले पाह्यजे का निजाले?" मी ओरडले. "बाळंतीण काही उभी राह्यत नाई. लेकरू बी उभं राह्यत नाई. तुमाले ताठ उभं राहाचं असन तं बाहेर लय जागा हाय!"

आमचे हे खाली मान घालून उभे. मला वाटलं, आता घरी गेल्यावर माझी धडगत नाही. घर कुठे होतं म्हणा. शेजारीण एवढ्या मोठ्यानं हसली की आबांनाही हसू आलं. ते उठले, स्वतःच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहिले, तिची कड आपल्या छातीला लावून पाहिली आणि म्हणाले, "वाकू बे. वाकल्यानं कोनी मरत नाई."

लाकडं चढायला लागली. जुनी, आखूड, कुठून कुठून मिळवलेली. भिंती सगळ्या एका पातळीत, त्यामुळे एका घराचं लाकूड मधल्या भिंतीवर टेकायचं आणि शेजारच्या घराचं लाकूड त्याच्याच टोकावर चढायचं, असं करत रांगेच्या शेवटापर्यंत गेलं. पण आबा ते आबाच. पुन्हा तोच नियम. आधी सगळ्यांची लाकडं, मग सगळ्यांच्या तुराट्या, मग सगळ्यांची माती. मी हात जोडले. भीक नको पण कुत्रं आवर, तसा मला त्यांचा न्याय नको झाला होता.

लाकडं झाली. त्यांवर तुरीच्या काड्यांचा थर झाला, निंबाचा पाला झाला. दुसऱ्या दिवशी माती चढवायची होती. त्या दुसऱ्या दिवशीच, उजाडता उजाडता, भोंगा वाजला.

पुरुषांना जावंच लागलं. पहिल्या दिवशी फाटकाशी जो नसेल त्याच्या जागी दुसरा उभाच असतो. मागे बायका, म्हातारे आणि कालवून ठेवलेला मातीचा ढीग. दुपारपर्यंत ओवरसियर येणार हे नक्की. इतक्या घरांवर हातभर माती दुपारपर्यंत बायकांकडून चढणं शक्य नव्हतं, हे लहान पोरालाही दिसत होतं.

शेजारणीनं पहिलं टोपलं भरलं आणि सरळ आमच्या छतावर नेऊन ओतलं.

"आबा, तुमाले काय बोलाचं थे बोला," ती म्हणाली. "आधी पोटुशीच्या डोक्यावर."

मी आबांकडे पाहिलं. काठी आपटतील असं वाटलं. दोघी-तिघी बायका कुजबुजल्याही, आमची काय पोरं नाहीत का म्हणून. आणि त्यांची होतीच. आबांनी काठीच्या टोकानं छतावरची ती ओली माती सारखी केली. मग म्हणाले, "टाका. हिचं तोंड तरी बंद होईन." माझं तोंड खरंच बंद झालं. मला रडू आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी वाकून आत शिरले.

ओवरसियर आला तेव्हा धाबं पुरं झालेलं घर एकच होतं. आमचं. मी आत बसलेले, पाठीत कळा सुरू झालेल्या, पण कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "हे एक घर नियमात बसतं, हे राहू दे. बाकीच्यांवर नुसत्या काड्या आहेत. पुन्हा आगच लागायची. गाड्या बाहेर रस्त्यात उभ्या आहेत, आजच जागा मोकळी करा."

इतके दिवस देवाजवळ जे मागितलं ते मला मिळालं होतं. हातभर जाड भिंत, वर मातीचं छत. आणि मला त्यात बसवेना. शेजारीण काय करणार? कुजबुजणाऱ्या त्या बायका आपली पोरं घेऊन कुठे जाणार? ज्यांनी माझ्या डोक्यावर माती घातली त्यांना उठवून त्यांच्या जागी बैल बांधणार होते. पोटात कळ आली ती कशाची, हेही मला समजेना.

तेवढ्यात आबांचा आवाज आला. "साहेब, बाकीचे घरं कोनते?"

"हे सगळे. हे काय समोर आहेत."

"हे एकच घर हाय, साहेब. पाहून घ्या. एक रांग, एक भित, एक छत. कुठं तोडता?"

ओवरसियर हसला असावा. त्यानं शिपायाला सांगितलं, की शेजारच्या घराचं पहिलं लाकूड काढ. शिपायानं मधल्या भिंतीवरचं टोक उचललं मात्र, माझ्या डोक्यावरचं लाकूड करकरलं आणि ओल्या मातीचं एक ढेकूळ धप्पकन माझ्या पुढ्यात पडलं. मी किंचाळले. भीतीनं किंचाळले की कळेनं, ते आजही सांगता येणार नाही.

"आत कोण आहे?" ओवरसियरचा आवाज एकदम बदलला.

"माही सून हाय," किंकाळी ओळखून सासूबाई म्हणाल्या. "बाळंत होऊन राह्यली. काढा लाकूड, काढा. लेकराच्या अंगावर पाडा."

ओवरसियर वाकून दाराशी आला, मला पाहिलं आणि घाईनं मागे सरताना चौकटीवर डोकं आपटून घेतलं. वाईट नव्हता तो. त्यालाही वर कुणाला तरी जाब द्यायचा असणार. बाहेर जाऊन म्हणाला, "एक घर म्हणता, तर सगळ्या घरावर माती पाहिजे. मी दिवे लागायच्या आत परत येतो. जेवढ्यावर माती नसेल तेवढं काढणार."

तो गेला आणि बायका ढिगाकडे धावल्या. मला ते दिसत नव्हतं. डोक्यावर पावलांचा धपधप आवाज तेवढा येत होता, आमच्या छतावरून पुढच्या छतावर, तिथून पुढे. मध्येच बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि मला वाटलं, झालं, गाड्या घुसवल्या. सासूबाई बाहेर जाऊन आल्या. कापसाच्या काट्यावर नंबर लागेपर्यंत बसून राहिलेले गाडीवाले होते ते. त्यांतले काही पिंपळगाव राजाचे, शेजारणीच्या माहेरचे. तिनं रस्त्यात जाऊन एकेकाला नात्यानं हाका मारल्या होत्या. कुणी ऐकलं, कुणी कापूस सोडून कसं येऊ म्हणून तोंड फिरवलं. जे आले त्यांनी नाल्यातून माती वाहिली आणि वरही चढून थापली. त्यांना तळासाठी द्यायची जागा ती हीच, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक.

माझ्या कळा वाढत गेल्या. मी दात आवळून होते. काय चाललंय, कुठवर आलं, एवढंच सासूबाईंना विचारायची. "आबाच्या घरापरेंत आलं." थोड्या वेळानं, "आता शेवटचे तीन ऱ्हायले." आणि मध्येच, "तू आपलं पाह्य माय, घराचं आमी पाह्यतो." आयुष्यात पहिल्यांदा त्या मला माय म्हणाल्या.

दिवस बुडायच्या आधी मुलगी झाली. झाली ती रडलीच नाही. सासूबाईंनी बोलावून आणलेल्या दाईनं पालथी धरली, पाठ चोळली. मी सासूबाईंचा हात असा धरला की नंतर चार दिवस त्यांचं मनगट काळंनिळं होतं. मग ती रडली. काय रडली! मधल्या भिंतींच्या माथ्यावर, लाकडांच्या खाली, बोट जाईल एवढी फट सगळीकडे राहिली होती, बुजवायला वेळ कुठे होता? त्या फटीतून तिचं रडणं रांगभर गेलं. डोक्यावरची पावलं थांबली. बाहेर ओवरसियर परत आला होता की नाही, मातीचं शेवटचं टोपलं पडलं होतं की नाही, मला काही माहीत नव्हतं.

अगदी टोकाच्या घरातून कुणीतरी बाई ओरडली, "कोनाच्या घरी झालं वं?"

सासूबाईंनी मुलगी उचलली. ज्या बाईनं दोन बोटांच्या भिंतीसाठी महिनाभर शेजारणीचं माहेर काढलं होतं, तिनं त्या फटीला तोंड लावलं आणि छत हादरेल अशा आवाजात उत्तर दिलं.

"आपल्या घरी झालं, माय! आपल्या घरी!"